नीळ आणि गेरू

आबांनी मेंढरांच्या पाठीवरची नीळ कातरून काढली आणि तिथं गेरू लावला, त्या दिवशी भाऊ घरातून गेला. सात महिन्यांनी तो परत आला. मधल्या काळात मी एक चिठ्ठी लिहिली.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, बिरू. गेल्या वर्षी तो वारला. तेव्हापासून हे लिहायचं म्हणते आहे, पण चार ओळी झाल्या की हात थांबतो. मग उठून चहा करते, कपडे वाळत घालते, पुन्हा येऊन बसते. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, मुलींना निबंध कसा लिहावा ते सांगितलं, आता स्वतःची दोन पानं लिहिताना दम लागतो. घाई करणारं कोणी उरलेलं नाही, हे एक बरं आहे.

आम्ही छावणीच्या कडेला राहायचो. दोन खोल्या, वर पत्रा, मागे काटेरी कुंपण घातलेली मोकळी जागा. आमचं मूळ गाव फुलंब्रीच्या पलीकडे. आबांची मेंढरं आणि आबा स्वतः वर्षातले आठ-नऊ महिने तिकडेच, रानोमाळ. पण पोरांना शाळा पाहिजे म्हणून मायनं हट्ट धरला आणि ती आम्हा दोघांना घेऊन शहरात आली. आबा बाजाराच्या आदल्या दिवशी चार-पाच मेंढरं घेऊन यायचे, ती मागच्या जागेत बांधायचे. सकाळी पलटणीचा बिगुल वाजला की मेंढरं एकदम ओरडायची आणि माय म्हणायची, "उठा, साहेब लोक उठले." मग चुलीचा धूर, भाकरी थापल्याचा आवाज, आणि थोड्या वेळानं भाऊला न्यायला येणाऱ्या कंपनीच्या बसचा भोंगा. आजही सकाळी जाग येते ती या तीन आवाजांच्या क्रमानं, आणि मग कळतं की त्यातला एकही आवाज आता नाही.

जेवण साधं होतं. ज्वारीची भाकरी, येसर घातलेली आमटी, थंडीत हुलग्याचं माडगं. आबा आले की कधी ताटात मेंढीच्या चिकाचा खरवस असायचा आणि त्यांच्या अंगाला लोकरीचा वास. आबा बोलायचे कमी. जेवताना मात्र ते माळावरच्या गोष्टी सांगत, आणि त्या सगळ्या मेंढरांच्या असत. अमकी बुजली, तमकीला दोन कोकरं झाली. माणसांचा उल्लेख त्यात येत नसे.

खुणेचं सांगायला हवं. माळावर चार घरांच्या मेंढरांची खांडं एका पाणवठ्यावर येतात, मिसळतात. म्हणून प्रत्येक घराची खूण असते. लोकर कातरून झाली की उघड्या पाठीवर ती नव्यानं काढायची. कोणाचा मानेवर गेरूचा पट्टा, कोणाचा शेपटीपाशी डांबराचा ठिपका. आमच्या घराची खूण निळी होती. कपड्यांना घालायची नीळ जवसाच्या तेलात कालवायची, चार बोटं त्यात बुडवायची आणि उजव्या खांद्यापासून डाव्या पुठ्ठ्यापर्यंत तिरका हात ओढायचा. एकदाच. परत फिरवायचा नाही. परत फिरवला की रेघ मळते, असं आबा म्हणत. ही खूण आबांच्या आज्यानं ठरवली होती. का, ते कोणाला माहीत नव्हतं. बहुतेक तेव्हा घरात तीच पुडी असेल.

भाऊ लहानपणापासून त्या कामात तरबेज होता. सुट्टीत गावी गेलो की कातरणीनंतरची सगळी मेंढरं त्याच्यापुढून जात. मी मेंढरू धरायची, तो हात ओढायचा. प्रत्येक पाठ वेगळी, कुठे हाडं वर आलेली, कुठे कातरीचा ओरखडा, त्यामुळे प्रत्येक रेघ वेगळी पडायची. तो मागे सरून बघायचा. आबा ओरडायचे, "बघत काय बसलास? नवरी हाय का ती?"

पुढे तो चित्रकलेच्या कॉलेजात गेला आणि तिथून पदविका घेऊन एका कारखान्याच्या पेंटशॉपमध्ये लागला. तेव्हा चिकलठाण्याच्या माळावर एकामागून एक शेड उभ्या राहत होत्या. ज्या माळांवर आबांच्या वडिलांनी मेंढरं चारली त्यांना तारेची कुंपणं पडत होती, आणि त्या कुंपणांच्या आत आमच्या वयाची मुलं खाकी कपड्यांत शिफ्ट करत होती. भाऊचं काम पत्र्याच्या भागांवर फवाऱ्यानं रंग मारायचं. आठ तास एकच रंग. तो म्हणायचा, "सकाळपासून राखाडी मारायलो. संध्याकाळी बाहेर आलो की आभाळ पण नीट दिसत नाय, त्यातबी रंगाचे किती पदर राहिले ते मोजतो."

तो चित्रं काढायचा ती आठवड्याच्या सुट्टीला, मागच्या मोकळ्या जागेत. कॅनव्हास परवडणारा नव्हता आणि त्याला आवडतही नव्हता. कारखान्यात यंत्रं यायची त्या खोक्यांच्या फळ्या तो मागून आणायचा, चार फळ्या जोडायचा, वर पेंटशॉपमधला उरलेला प्रायमर द्यायचा. फळीवरचे छापील बाण आणि अक्षरं प्रायमरखालून थोडी दिसत राहायची. ती तो पुसत नसे.

त्याचे कॉलेजातले मास्तर काझी सर. किराडपुऱ्याकडे राहायचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. भाऊला त्यांनी निवडून घेतलं होतं म्हणा. नोकरी लागल्यावरही तो त्यांच्याकडे जायचा, ते त्याला नान-खलिया खाऊ घालायचे आणि चित्रकलेचा इतिहास सांगायचे. एकदा मीही गेले होते. सर म्हणाले, "बघ बेटी, पहले चित्रातून देव गेले. मग राजे गेले. मग माणसं गेली, झाडं गेली. शेवटी ताटातलं एक फळ राहिलं. मग एकानं फळ पण उचललं. अब क्या बचा?" मी म्हणाले, "ताट." सर खूप हसले. "ताट पण गेलं. फळाचा रंग राहिला. बिरू मियाँ को येच समझाता मैं. चीज़ को जाने दो, जो बचता सो देखो."

त्यांच्याकडे आधुनिक चित्रकलेवरची दोन-तीन इंग्रजी पुस्तकं होती, आणि मी तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. म्हणून दुपारी असा प्रकार चाले: भाऊ फळीपुढे उभा, मी बाजेवर पुस्तक घेऊन, आणि एकेक परिच्छेद मराठीत करून मोठ्यानं सांगायचा. शब्द मिळायचे नाहीत. पुस्तकात जे सोपं होतं ते आमच्याकडे येता येता जड व्हायचं. अमूर्त, आकारशून्य, स्वयंपूर्ण. भाऊ म्हणायचा, "इंदे, हे सरांच्या तोंडून बरं वाटतं. तू सांगितलं की कोर्टाची नोटीस वाटते." एका बाजाराच्या आदल्या दिवशी आबाही बसले होते. मी एक हकिगत वाचली, की परदेशातल्या एका चित्रकारानं दुसऱ्याचं गवताच्या गंजीचं चित्र पाहिलं, त्याला गंजी ओळखूच आली नाही, तरी ते रंग डोळ्यांपुढून हलेनात, आणि तेव्हा त्याला वाटलं की चित्राला वस्तूची गरजच नाही.

आबांनी विचारलं, "गंजी वळखू आली नाय?"

"नाही."

"मंग रानातला माणूस नसंल तो."

माय आतून म्हणाली, "न्हाय तर पोटभर जेवून आला असंल."

भाऊ इतका हसला की ब्रश खाली ठेवावा लागला. त्या दुपारी हसणारा तो मला अजून दिसतो. पुढच्या सगळ्या वर्षांत तो हसलाच नाही असं नाही. पण तसा नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचं सुरू झालं तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. कॉलेज बंद, उघडं, पुन्हा बंद. भिंतींवर अक्षरं. शहरात जे झालं त्याहून वाईट गावांमध्ये झालं. आमच्या गावात दलित वस्तीतली घरं जाळली. त्यात प्रल्हादच्या आईचं घर होतं. प्रल्हाद हा भाऊचा सोबती, आमच्याच गावचा, त्याच पेंटशॉपमध्ये. शेजारच्या फवाऱ्यावर तो असायचा. दोघं एकाच बसनं जायचे, एकमेकांचा डबा खायचे. घर जळलं तेव्हा प्रल्हाद इथं शिफ्टमध्ये होता. त्याची आई, गयाबाई, अंगावरच्या लुगड्यानिशी चालत फुलंब्रीपर्यंत आली आणि तिथून एका ट्रकनं शहरात.

आमच्या घरातल्या कोणी काडी लावली नाही. पाणीही कोणी टाकलं नाही. आबा त्या दिवशी मेंढरांबरोबर लांबच्या माळावर होते, असं ते सांगत. मी कधी खोदून विचारलं नाही. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

सुगी झाल्यावर मेंढरं शेतात बसवतात. मोकळ्या रानात खांड मुक्कामाला ठेवायचं, लेंड्यांचं खत शेताला, त्या बदल्यात धान्य धनगराला. आमचं वर्षाचं घर त्या ज्वारीवर चालायचं. ती शेतं गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांची, आणि त्यातली बरीच एकाच घराची. त्या घरचे कर्ते, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत, ते एकदा बाजारच्या दिवशी छावणीत आमच्या दारी आले. माणूस वाईट नव्हता. मायला वहिनी म्हणायचा. बाजेवर बसून त्यांनी चहा घेतला, मागे बांधलेल्या मेंढरांकडे बघितलं आणि म्हणाले, "आबा, औंदा मेंढरं बसवायची ना आपल्या रानात?"

"तुमी म्हनाल तवा."

"मंग तेवढा रंग बदला."

आबांना कळलं नाही. रावसाहेब हळू बोलत होते, समजावत होते. "गावातली पोरं भडकलेली हायती. निळं दिसलं की त्येंचं डोस्कं फिरतं. उद्या रानात शंभर निळी मेंढरं बसली तर लोक म्हणतील रावसाहेबानं काय हे. मी तुमाला वळखतो. ती पोरं नाय वळखत."

"ही खूण माज्या आज्याची हाय, रावसाब."

"आज्याला कुठं ठावं हुतं."

रावसाहेब गेल्यावर आबांनी हातातला कप चुलीपाशी नेऊन ठेवला. मग म्हणाले, "रंगच तर हाय."

पुढच्या आठवड्यात भाऊ आणि मी गावी गेलो ते कातरणीला म्हणून. बघतो तर आबा आणि चुलते मेंढरं एकेक करून धरत होते आणि पाठीवरचा निळा पट्टा कातरून काढत होते. तेलातली नीळ धुवून जात नाही. लोकर पुरती वाढलेली, तिच्यातून एक तिरकी चरी पडत होती, आणि त्या चरीत गेरू. भाऊ कुंपणाबाहेरच थांबला.

"आबा, हे काय करायलात?"

"दिसंना का? हात लाव."

"कुणी सांगितलं?"

"पोटानं."

भाऊनं काही वाईट बोलू नये असं मला वाटत होतं, आणि तो तेच बोलला. म्हणाला की ज्यांनी गयाबाईचं घर जाळलं त्यांच्या म्हणण्यावरून तुम्ही मेंढरं कातरायलात. आबांनी कातर खाली ठेवली नाही. म्हणाले, "त्येंच्याच रानात तुज्या भाकरीची ज्वारी पिकती. फळ्या रंगवून कुणाचं पोट भरत नाय." भाऊ तिथूनच माघारी वळला. घरी आला, दोन कपडे आणि ब्रश घेतले, आणि जाताना मायच्या फडताळातली निळीची पुडी उचलली. माय म्हणाली, "जेवून तरी जा." तो थांबला नाही.

तो मुकुंदवाडीला प्रल्हादच्या खोलीवर राहायला गेला. एक खोली, त्यात गयाबाई, प्रल्हाद आणि आता हा. मी दर आठ-पंधरा दिवसांनी जायची, मायनं दिलेली चटणी आणि सरांचं पुस्तक घेऊन. गयाबाई उंच, काळ्या, बोलण्यात धार असलेल्या बाई. जळालेल्या घराबद्दल त्या एकदाच बोलल्या, तेही जवसाच्या तेलाची बुधली कशी वाचली ते सांगण्यासाठी. शेजारणीकडे उसनी दिली होती म्हणून वाचली. तिनं नंतर कोणाच्या तरी हाती शहरात पाठवली. भाऊला तेल लागायचं. त्या म्हणायच्या, "घे. भाजीत घातलं तर दोघंबी नाक मुरडता. फळीला तरी आवडंल."

त्या खोलीच्या दारात, रस्त्याच्या कडेला, त्यानं ते चित्र केलं. चार फळ्या जोडून, माणसाच्या छातीइतकं उंच. चित्राची जमीन, म्हणजे मागचा रंग, राखाडी, पेंटशॉपच्या प्रायमरची, पण त्यात त्यानं लाकडाचा भुसा आणि राख घालून ती खरबरीत केली होती. महिनाभर नुसती जमीनच. मग एका सुट्टीच्या सकाळी, मी तिथं असताना, त्यानं नीळ कालवली, चार बोटं बुडवली आणि वरच्या उजव्या कोपऱ्यापासून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत हात ओढला. एकदाच.

प्रल्हाद दातात काडी धरून बघत होता. म्हणाला, "झालं? महिनाभर ह्याच्यासाठी माझा दरवाजा अडवून ठेवला व्हय?"

"झालं."

"बरं हाय बाबा. आमी आठ तासांत दोनशे भाग मारतो."

पण तो तिथून हलला नाही. दातातली काडी काढून म्हणाला, "निळा चांगला लागलाय." त्याला त्यात त्यांचा निळा झेंडा दिसत होता ते मला तेव्हा कळलं होतं. गयाबाई आतून आल्या, पदरानं हात पुसले, मान तिरकी करून बघितलं.

"हे तुमच्या आबांचं मेंढरू हाय ना?" त्या म्हणाल्या. "पाठच दिसायली की. वस्तीवरून जायची रोज सांजची."

भाऊ हसला. काझी सरांनी ते चित्र पाहिलं तेव्हा ते रस्त्यात उभे राहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला. "अब निकला, मियाँ. चीज़ गई. पूरी गई." मेंढराचं त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही. सर जे बघत होते त्यात मेंढरू आणून बांधावं असं मला वाटलं नाही. खरं तर मला लाज वाटली. पुस्तकातली चित्रं आणि आमचं खांड एका वाक्यात आणायची लाज.

शहरातल्या चित्रकारांच्या मंडळाचं वर्षाचं प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. सरांच्या शब्दावर भाऊचं चित्र घेतलं गेलं. नाव काय द्यायचं म्हणून विचारलं तर भाऊ म्हणाला नाव नाही. पहिल्या दिवशी दुपारी नामांतराच्या बाजूची काही मुलं आली. ती त्या चित्रापुढे उभी राहिली, आपसांत हळू बोलली, आणि जाताना त्यातल्या एका मुलीनं केसातलं झेंडूचं फूल काढून चित्राखाली ठेवलं. भाऊ खांबाआड उभा होता. त्यानं ते फूल उचललं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलं आली. ती हळू बोलली नाहीत. त्यांनी मंडळाच्या चिटणिसांना विचारलं, हे झेंडे इथं कशाला लावलेत, आणि बजावलं की उद्या संध्याकाळी हे इथं दिसलं तर सभागृह शिल्लक राहणार नाही.

चिटणीस हे भित्रे गृहस्थ, पण दुष्ट नव्हते. त्यांनी भाऊला सांगितलं, चित्र काढून घ्या, किंवा खाली एक चिठ्ठी लावा, याचा कशाशी संबंध नाही एवढी. भाऊ काढून घ्यायला तयार नव्हता. चिठ्ठीत काय लिहायचं ते त्याला सुचेना. तो बाकावर बसला आणि मला म्हणाला, "इंदे, तू लिही. तुला येतं."

आता इथं मला सावकाश जायचं आहे. खरी गोष्ट लिहिणं अगदी सोपं होतं. ही आमच्या घरच्या मेंढरांची खूण आहे, एवढंच. पण ते गावात पोचलं असतं. रावसाहेबांच्या रानात तेव्हा आमची मेंढरं बसलेली होती, गेरू लावून, आणि आबांचा मुलगा शहरात निळी खूण टांगून बसला आहे हे कोणीतरी त्यांना सांगितलंच असतं. हे मी मनात आणलं. आणि दुसरं, जे आबांवर ढकलता येत नाही: मेंढरू लिहिलं की चित्र लहान होईल, सरांपुढे, चिटणिसांपुढे, पुस्तकापुढे, असं मला वाटलं. मी इतक्या दुपारी जे वाचून दाखवलं होतं त्यातलं एक वाक्य मला आठवलं. ते मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: "या चित्रातील निळा हा केवळ रंग आहे. त्याला अन्य अर्थ नाही." भाऊनं वाचलं. "पुस्तकात असंच हाय?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. त्यानं खाली सही केली. पुस्तकात जवळजवळ तसंच होतं. ते लिहिणाऱ्याच्या गावात निळ्याचं कोणाशी भांडण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी प्रल्हाद शिफ्ट बदलून आईला घेऊन आला. गयाबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं. त्यांनी आयुष्यात असलं काही पाहिलं नव्हतं, त्या प्रत्येक चित्रापुढे थांबत होत्या. भाऊच्या चित्रापाशी आल्यावर त्या ओळखीच्या माणसाला बघितल्यासारख्या हसल्या. मग त्यांना चिठ्ठी दिसली.

"हे काय लिवलंय रं?"

प्रल्हादनं आधी मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, सावकाश, कारखान्यातली सूचना वाचावी तसं. केवळ रंग आहे. अन्य अर्थ नाही.

गयाबाईंनी भाऊकडे बघितलं. "अर्थ नाय व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग तेल कशाला घेतलंस बाबा माझं?"

प्रल्हाद म्हणाला, "चल आये. शिफ्ट हाय मला." शिफ्ट नव्हती. जाताना त्यानं भाऊच्या खांद्यावर हात ठेवला, नेहमी ठेवायचा तसा, आणि तेच मला सगळ्यात वाईट वाटलं. भांडला असता तर भाऊनं काही उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ घरी आला. ब्रश, कपडे आणि पाठीवर चित्र. माय भाकरी थापायला बसली. आबा चार दिवसांनी आले. त्यांनी चित्र बघितलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बोट न लावता हवेतून हात फिरवला आणि म्हणाले, "हात बरोबर बसलाय." भाऊ म्हणाला, "आबा, मीबी कातरलं." आबांनी काय ते विचारलं नाही. त्या दिवसानंतर दोघं खुणेबद्दल कधी बोलले नाहीत. आबा जाईपर्यंत आमच्या मेंढरांवर गेरूच राहिला. पाणवठ्यावर ती शेजारच्या खांडात मिसळायची, आणि आबा तोंडं बघून एकेक वेगळी काढायचे.

भाऊ निवृत्त होईपर्यंत त्याच पेंटशॉपमध्ये होता. प्रल्हादनं महिनाभरात दुसऱ्या शेडमध्ये बदली मागून घेतली. बसमध्ये भेटायचे, रामराम-जयभीम व्हायचं. भाऊ फळ्या रंगवत राहिला, पण राखाडीवर राखाडी, त्यावर पांढरा. किती पदर आहेत ते त्यालाच ठाऊक. प्रदर्शनाला पुन्हा दिलं नाही. पुष्कळ फळ्यांचे पुढे त्यानं माळे केले, काहींना वाळवी लागली. अलीकडे मासिकांतून अशा चित्रांबद्दल मोठे लेख येतात, तरुण मुलं लिहितात. मी वाचते. शब्द तेच आहेत जे मी बाजेवर बसून शोधायची. विद्यापीठाचं नाव बदललं त्यालाही खूप वर्षं झाली. आता शहराचंही बदललं. पत्ता लिहिताना माझा हात थोडा थांबतो, मग नवं लिहितो.

भाऊ गेल्यावर पाचव्या दिवशी प्रल्हाद आला. काठी घेऊन, नातवाच्या गाडीवर बसून. गयाबाई जाऊन जमाना झाला, त्या वेळी भाऊ खांदा द्यायला गेला होता एवढं मला माहीत होतं. प्रल्हादनं चहा घेतला. म्हणाला, "ते चित्र हाय का गं इंदूताई?" आतल्या खोलीच्या भिंतीवर होतं. आम्ही दोघांनी मिळून खाली उतरवलं, आणि त्यानं ते कसं जोडलंय हे बघायला उलटं केलं. पेंटशॉपची सवय. मागच्या फळीवर माझी चिठ्ठी डकवलेली होती. मला ते माहीत नव्हतं. चाळीस वर्षांहून जास्त काळ मी त्या भिंतीसमोर झोपत होते.

प्रल्हादनं चष्मा लावून वाचलं. "तुजं अक्षर ना हे?"

"हो."

"मला वाटायचं त्यानंच लिवलं."

"त्याला सुचत नव्हतं. मी लिहिलं."

त्यानं फळीवर हात ठेवला. "मेंढराची खूण हाय म्हणून लिवलं असतंस तर मी काय म्हणालो नसतो," तो म्हणाला. "माय माझी तेच म्हणत हुती. मरस्तोवर. आरं, ते मेंढरू हुतं, लिवता आलं नसंल त्याला."

"रावसाहेबांची भीती होती," मी म्हणाले. मग म्हणाले, "आणि लाज."

"व्हय," प्रल्हाद म्हणाला. "असंल." त्यानं चित्र पुन्हा सुलट केलं आणि आम्ही ते खिळ्याला लावलं. नातवानं बाहेरून हॉर्न दिला.

चित्र आता तिथंच आहे. तेल जुनं झालं, नीळ पापुद्र्यांनी झडते, रोज केर काढताना थोडी निळी पूड केरसुणीला लागते. अर्ध्याहून अधिक रेघ गेली आहे. मागच्या चिठ्ठीवरची शाई शाबूत आहे.